सरासरीचा डबा

तात्याबानं इंजिन बंद केलं, तेव्हा मला वाटलं, देवीसाठी केलं.

करंजखिंडीचा घाट जिथे सुरू होतो, तिथे डाव्या हाताला घाटजाईचं कंबरेएवढं देऊळ आहे. कोकणात उतरणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. कितीही उशीर झालेला असो, ड्रायव्हर खाली उतरतो, घंटेला हात लावतो, कपाळाला चिमूटभर अंगारा फासतो आणि मगच गाडी उताराला लावतो. हा रिवाज कुणी मोडत नाही. तात्याबा कणसेनंही दुधाचा टँकर कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, डॅशबोर्डाखालची कळ खेचून इंजिन बंद केलं आणि मला म्हणाला, "या साहेब, पाया पडून या. टँकरनं पयल्यांदाच उतरताय न्हवं?"

"पहिल्यांदाच," मी म्हणालो आणि उतरलो.

१९९१ सालचा फेब्रुवारी होता. तिकडे आखातात युद्ध पेटलेलं आणि इकडे आमच्या तालुक्याच्या पंपावर डिझेलसाठी रांगा. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तालुका दूध संघात 'इंधन अधिकारी' होतो. हे पद माझ्याआधी नव्हतं, माझ्यानंतरही राहिलं नाही. तेल वाचवा, परदेशी तेलावरचं अवलंबित्व कमी करा, असं सरकारचं परिपत्रक आलं आणि संघाचे अध्यक्ष आबासाहेब ह्यांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती आणि एक स्कूटर. स्कूटरपेक्षा मोठं काही मी तोवर चालवलेलं नव्हतं.

पण बोलता उत्तम येत होतं. संघाच्या आवारात चौदा टँकरचे चौदा ड्रायव्हर उभे करून मी पहिल्याच आठवड्यात भाषण ठोकलं. "आपण जाळतो त्यातलं कितीतरी तेल परदेशातून येतं. उद्या त्यांनी नळ बंद केला तर आपला देश जागच्या जागी उभा राहील. देशाचं स्वातंत्र्य तुमच्या उजव्या पायाखाली आहे!" उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, दुसरं काय. ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले. तात्याबा तेवढा हसला नाही. तो आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला.

मग मी कँटीनच्या भिंतीवर तक्ता लावला. कुठल्या टँकरनं लिटरला किती किलोमीटर दिले, त्याची महिन्याची सरासरी. पहिल्या येणाऱ्याला संघाचं दोन किलो तूप. आणि शेवटच्या येणाऱ्याच्या टँकरला मागच्या बाजूला महिनाभर तेलाचा रिकामा डबा टांगायचा. गाडी हलली की डबा वाजणार, आणि सगळ्या रस्त्याला कळणार की हा तेल उधळणारा गडी आहे. कल्पना माझी. पहिल्या महिन्यात डब्याची तारही मीच पिळून बांधली. आबासाहेबांनी माझी पाठ थोपटली.

तूप तीनही महिने तात्याबानं नेलं. बाकीच्यांची सरासरी चारच्या आसपास, त्याची पावणेपाच. डबा तीनही महिने निवृत्तीनाना पिसाळांच्या टँकरला. नाना पन्नाशी उलटलेले, संघात सगळ्यांत जुने. त्यांच्या गाडीला ओरखडा उठलेला कुणी पाहिला नव्हता, पण सरासरी साडेतीनच्या वर सरकत नव्हती. मी त्यांना विचारलं होतं, "नाना, तुम्हालाच का जमत नाही?" ते म्हणाले होते, "घाट हाय साहेब. घाटात मी दुसरा गिअर सोडत न्हाई." मी वहीत लिहिलं, 'जुन्या सवयी.'

आता आबासाहेबांच्या डोक्यात पुस्तिका काढायचं आलं होतं. तात्याबाची युक्ती काय ते लिहून काढायचं, छापायचं आणि राज्यभरच्या दूध संघांना पाठवायचं. मी तात्याबाला विचारलं, तर तो लाजला. "सांगून न्हाई कळायचं साहेब. शेजारी बसून बगा." म्हणून त्या मंगळवारी सकाळी वही-पेन घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

देवीला नमस्कार करून आम्ही परत जागेवर बसलो. तात्याबानं काचेतून समोर एक नजर टाकली, हवेच्या दाबाचा काटा बोटानं टिचकी मारून पाहिला आणि हँडब्रेक सोडला. टँकर हलला. मी वही उघडली, तारीख घातली आणि इंजिनाची वाट पाहत राहिलो.

टँकर वेग घ्यायला लागला. वारा काचेच्या फटीतून शिट्टी वाजवत होता. मागे टाकीत नऊ हजार लिटर दूध डचमळत होतं, त्याचा आवाज मला आला. खालच्या दरीतून एक कोंबडा आरवला, तोही ऐकू आला. टँकरमध्ये बसल्यावर दरीतला कोंबडा ऐकू येत नसतो, हे माझ्या लक्षात यायला एक क्षण गेला.

"तात्या, इंजिन सुरू करायचं राहिलं."

"ऱ्हायलं न्हाई साहेब. ठिवलंय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर पहिलं वळण होतं आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं आभाळ.

तात्याबानं ब्रेक दाबला. हवा फुस्स करून सुटली, टँकरचा वेग मोडला, वळण गेलं. "एक," तो म्हणाला.

"एक काय?"

"ब्रेक. इंजिन बंद म्हंजी हवा भरणारा पंप बंद. टाकीत हाय तेवढीच हवा. भरल्या टाकीत नऊ ब्रेक बसत्यात. म्या मोजल्यात." त्यानं समोरच्या काट्याकडे हनुवटी केली. "काटा बगा. दर ब्रेकाला खाली येतोय का न्हाई?"

काटा खाली आला होता.

"आणि वळणं किती आहेत?"

"मोठी म्हनाल तर अकरा."

अकरा वळणं, नऊ ब्रेक. हा हिशोब करायला पदवी लागत नव्हती. "तात्या, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा!"

"थांबवायची तर त्यो बी एक ब्रेक जाईल साहेब," तो शांतपणे म्हणाला. "न्हाई थांबवायची. अवं, दोन वळणास्नी ब्रेक लागतच न्हाई. पाचव्याच्या पुढं पूल हाय, तिथं जरा चढ लागतो, वेग आपसूक मोडतो. त्यो फुकटचा ब्रेक. आन् नववं वळण रुंद हाय, तिथं नुसती वळवायची. नवातले सातच खर्चतो म्या. दोन देवीच्या नावानं शिल्लक."

त्याच्या आवाजात गर्व नव्हता, ह्याचं मला आजही नवल वाटतं. आजी नातसुनेला पुरणाचं प्रमाण सांगते, तसं तो सांगत होता. दोन. तीन. तिसऱ्या वळणावर दगडी कठडा माझ्या खिडकीला इतका जवळून गेला की कठड्यावरचं शेवाळ दिसलं. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो आणि त्याचं लक्ष गेलं तर, ह्या भीतीनं मी ओठ चावून बसलो.

पूल आला. खरंच टँकर तिथे मंदावला, पार चालत्या बैलगाडीसारखा झाला. मी दाराच्या कडीला हात घातला. उडी मारावी, असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. तात्याबानं ते पाहिलं.

"भ्यालात व्हय?" त्याला मनापासून वाईट वाटलं. "बसा निवांत. चार म्हैनं झालं, रोज करतोय."

पुलानंतर उतार आणखी तीव्र झाला. सातव्या वळणावर खालून चिऱ्यांचा ट्रक वर येत होता, रस्त्याच्या मधोमध, खच्चून भरलेला. तात्याबानं हॉर्न दिला, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दोन्ही गाड्या एकमेकींच्या आरशांना चाटून गेल्या.

"हे दोन हिशोबात न्हवते," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला होता.

काटा लाल पट्ट्यात गेला होता. डॅशबोर्डातून एक बारीक बझर वाजायला लागला.

"तात्या, गिअर टाका. इंजिन सुरू करा. पाया पडतो तुमच्या."

"ह्या वेगात गिअर पडत न्हाई साहेब. दात तुटत्यात. आन् नुसतं इंजिन सुरू करून हवा भरंस्तवर घाट सरंल." त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. "बोलू नगासा आता."

शेवटची चार वळणं मी पाहिली नाहीत. डोळे मिटले होते. फुस्स ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक फुस्स, अगदी अशक्त, म्हाताऱ्या माणसानं सुस्कारा टाकावा तसं. मग रस्ता सपाट झाल्याचं अंगाला कळलं. हँडब्रेकची करकर झाली आणि टँकर थांबला. डोळे उघडले तर समोर पायरवाडीचं चहाचं दुकान होतं.

मी उतरलो आणि टँकरच्या चाकाला धरून ओकलो.

तात्याबा तांब्याभर पाणी घेऊन आला. "तोंड धुवा साहेब. त्यो चिऱ्यांचा आडवा आला म्हणून, न्हाईतर..."

"तुम्ही वेडे आहात का?" मी ओरडलो. दुकानातली माणसं बघायला लागली. "जीव गेला असता! तुमचा, माझा, समोरच्याचा! दोन किलो तुपासाठी?"

तात्याबाचा चेहरा उतरला. शिवी दिली असती तर त्याला इतकी लागली नसती.

"तूप?" तो म्हणाला. "तूप म्या एक दिस घरी न्हेलं न्हाई. बालवाडीत देतो. इचारा कुणाला बी." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तुम्हीच म्हनला न्हवं, देशाचं स्वातंत्र्य उजव्या पायाखाली हाय? माझा थोरला भाऊ लष्करात व्हता साहेब, पासष्टच्या लढाईत गेला. म्या आपला दूध वाहणारा. मला वाटलं, आपल्या हातनं बी कायतरी व्हतंय. पाय उचलला की तेल वाचतंय. मग म्या पायच उचलला."

तांब्यातलं पाणी मी तोंडावर मारलं आणि म्हणालो, "हे कुणाला सांगू नका. आजपासून बंद. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे शिरलं तर..."

"दुसऱ्या कुणाच्या?" तात्याबा गोंधळला. "साहेब, तिघांस्नी शिकवलंय की. तुमच्याच हुकमानं."

आणि मग मला ते आठवलं.

मागच्या महिन्यात मी तीन फॉर्म छापून घेतले होते. तक्त्यात तळाला असलेल्या तीन ड्रायव्हरांनी तात्याबाबरोबर दोन-दोन खेपा करायच्या, तो जे करतो ते शिकायचं आणि शेवटी फॉर्मवर तिघांच्या सह्या: शिकवणारा, शिकणारा आणि इंधन अधिकारी. मी तीनही फॉर्मवर ऐटीत सही केली होती. काय शिकवलं, असा एक रकाना होता. तात्याबाला लिहिण्याचा कंटाळा, त्यानं तिन्हीकडे लिहिलं होतं, 'घाट.' मी ते वाचलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला विचारायची गरज कुठे असते?

पहिला फॉर्म निवृत्तीनानांचा होता.

"नाना हे करतात?" मी विचारलं.

"न्हाई अजून, तिघांतलं कुणीच. नाना तर लई भित्यात. पर काल कँटीनीत म्हणाले, उद्या करतो बाबा एकदाचं. नातीनं इचारलं म्हणं, आबा, तुमच्याच गाडीला डबा का? नातीची शाळा रस्त्याला हाय, पोरं डबा ऐकून हसत्यात." तात्याबा बोलता बोलता थांबला. "आमच्या मागं नानांचीच गाडी भरत व्हती."

आमच्या मागचा टँकर अर्ध्या तासानं निघायचा. मी घड्याळ पाहिलं. आम्ही चहाच्या दुकानापाशी वीसेक मिनिटं घालवली होती.

पायरवाडीच्या नाक्यावर फोन होता, माथ्यावरच्या नाक्याला जोडलेला. मी धावत गेलो. रखवालदारानं हँडल फिरवून फोन लावून दिला. वरच्या माणसाला मी ओरडून सांगितलं, "घाटजाईपाशी दुधाचा टँकर आला की थांबवा. ड्रायव्हरला खाली उतरवा. काही झालं तरी गाडी सोडू नका!"

"मागं डबा बांधलेला? त्यो आलाय की. देवळापाशी हुबा हाय, आत्ता बघितला म्या."

"मग पळा! पळत जा!"

त्यानं फोन तसाच ठेवला. पावलांचा आवाज लांब गेला. मी फोन कानाशी दाबून उभा राहिलो. तात्याबा दारात. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं होतं.

पावलं परत आली, सावकाश.

"गेला साहेब," तो माणूस म्हणाला. "पार पयल्या वळणाच्या पल्याड. मला कळलंच न्हाई. इंजिनाचा आवाज आला असता तर थांबवला असता."

मी फोन खाली ठेवला. तात्याबानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सांगावं लागलं नाही.

"त्यांच्या टाकीत किती ब्रेक बसतात?" मी विचारलं.

तात्याबा हातातलं पागोटं पिळत राहिला.

"तात्या, तुम्ही त्यांना किती सांगितलेत?"

"नऊ." तो पुटपुटला. "पर ते माझ्या गाडीचं. त्यांची गाडी जुनी हाय. त्यांचं... त्यांचं न्हाई मोजलं म्या."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या नाक्याच्या दारात कळलं.

मंगळवार, पायरवाडीचा बाजार. घाटाचा शेवटचा उतार सरळ गावात घुसतो आणि दोन्ही बाजूंना भाजीवाल्या, मडकीवाले, सुक्या मासळीच्या टोपल्या. आम्ही दोघे धावत सुटलो. "रस्ता सोडा! मागं व्हा! गाडी येतीय!" तात्याबा टोपल्या उचलून कडेला फेकत होता. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का रं बाबा, मंत्री येतोय का काय?" मी तिला अक्षरशः उचलून बांधावर बसवलं. तिनं मला जे काही म्हटलं, ते सगळं खरं होतं.

रस्ता मोकळा झाला. बाजार गप्प झाला. आम्ही दोघे उताराच्या तोंडाशी उभे राहिलो आणि वर बघत राहिलो. झाडांत काही दिसत नव्हतं. आम्ही कान लावले.

आधी डबा ऐकू आला.

खूप वरून, बारीक. खडखड, खडखड. मग वळणामागे गेला की बंद. मग पुन्हा. त्याला दुसऱ्या कुठल्याच आवाजाची सोबत नव्हती. इंजिन चालू असतं, तर इतक्या लांबून डबा ऐकूच आला नसता. तो डबा मी बांधला होता, सगळ्या रस्त्याला कळावं म्हणून. आता सगळ्या रस्त्याला कळत होतं.

"दुसरं वळण," तात्याबा म्हणाला. "तिसऱ्याला येत्यात."

डबा जोरात वाजायला लागला, एकसारखा, धरबंद सुटल्यासारखा. तात्याबानं माझा दंड धरला. त्याची बोटं रुतली, त्याचे वळ चार दिवस होते. मग डबा एकदम थांबला.

मी वाट पाहिली. घाटातून काहीच आलं नाही. धूळ नाही, दगड नाही, माणसाचा आवाज नाही. किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही. बाजारातल्या कुणीतरी "देवा" म्हटलं.

आणि मग इंजिन ऐकू आलं.

दुसऱ्या गिअरमधलं, कण्हत, घुरघुरत, डिझेल खात येणारं इंजिन. तेवढा सुंदर आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. एकेक वळण घेत तो आवाज खाली येत राहिला. त्याला अर्धा तास लागला असेल. शेवटच्या वळणावर टँकर दिसला, तेव्हा त्याच्या पुढच्या चाकांतून धूर येत होता आणि तो बैलाच्या चालीनं चालला होता. त्याच्या मागे चार गाड्या खोळंबून हॉर्न वाजवत होत्या.

निवृत्तीनानांनी टँकर दुकानापाशी कडेला घेतला. दार उघडलं, पण त्यांना उतरता येईना. तात्याबानं आणि मी त्यांना धरून खाली घेतलं आणि चाकाशी बसवलं. त्यांच्या सदऱ्याची घडी मोडली नव्हती, पण पाठ घामानं चिंब होती.

"दोन वळणं केली साहेब," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी अपराध्यासारखं पाहिलं. "तिसऱ्याला दोनदा दाबला, तरी बी म्हणावी तशी धरंना. शेवटी डोंगराच्या अंगाला घासली, तवा थांबली. मग हात आपसूक गिअरवर गेला. तीस वरसाची सवय हाय हाताला." त्यांनी श्वास घेतला. "मला न्हाई जमायचं ते. डबा ऱ्हाऊ द्या माझ्याच गाडीला. नातीला सांगंन म्या काय तरी."

त्यांच्या टँकरच्या उजव्या अंगाला बोनेटपासून शेवटपर्यंत लांब ओरखडा होता.

मी टँकरच्या मागे गेलो. डबा बांधलेली तार सोडायला लागलो. पण मी ती तीनतीनदा पिळून बांधली होती, आपला बेत कुणी मोडू नये म्हणून. माझ्या बोटांना रक्त आलं, तार हलली नाही. नाना कसेबसे उठून मागे आले आणि त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या साहेब. म्हैना कुठं सरलाय?"

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी आम्हा तिघांनाही बोलावलं. नाक्यावरून त्यांच्या कानावर गेलं होतं. आबासाहेब सहसा आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "गाडी बंद करून घाट उतरायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

तात्याबा जमिनीकडे बघत होता. "माझं खूळ आबासाहेब. म्याच शिकवलं नानांस्नी."

"कुणी सांगितलं होतं शिकवायला?"

"कुणी न्हाई."

आबासाहेब माझ्याकडे वळले. "गद्रे, तुम्हाला ह्यातलं काही ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "नाही."

ते खोटं नव्हतं. घाटात काय चालतं, ते मला मंगळवारच्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या सहीचे तीन फॉर्म मात्र त्या वेळी माझ्या पँटच्या खिशात होते, चार घड्या घालून. आदल्या संध्याकाळी मी ते फायलीतून काढले होते. निवृत्तीनानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांचीही सही होती त्यांतल्या एकावर. ते काही बोलले नाहीत.

तात्याबाला दोन महिने घरी बसवलं. मला आबासाहेब म्हणाले, "पुस्तिकेचं काय करायचं, बघा तुम्ही." मी काहीच केलं नाही. तक्ता त्या आठवड्यात भिंतीवरून निघाला. कुणी काढला, मला कळलं नाही. फॉर्म मी घरी जाऊन बंबात जाळले.

महिना संपल्यावरच्या शनिवारी संध्याकाळी मी कपाट आवरत होतो. पुण्यात दुसरी नोकरी मिळत होती. दारात निवृत्तीनाना आले. त्यांच्या हातात पक्कड होती आणि दुसऱ्या हातात तो डबा. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. तार अजून त्याच्या कडीला पिळलेली होती, मधोमध तोडलेली.

"म्हैना सरला साहेब," ते म्हणाले आणि गेले.

डबा आजही माझ्याकडे आहे. चौतीस वर्षं झाली, चार नोकऱ्या झाल्या. ऊर्जा बचतीवर मी सरकारी समित्यांवर बसलो, भाषणंही दिली, पण उजव्या पायाचं वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही. प्रत्येक ऑफिसात तो माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर असायचा. येणारा माणूस गंजलेला डबा बघतो आणि हा काय प्रकार, म्हणून विचारतो.

मी सांगतो, पहिल्या नोकरीत बक्षीस मिळालं होतं.